सरासरीची रेघ

खोटं बोलायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे मला त्या रविवारी कळलं. ऋषभ लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घराचा जिना चढून गच्चीवर आला तेव्हा त्याच्या एका हातात जवळच्या कपूरथला चौकातून आणलेल्या जिलब्या होत्या आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. जानेवारी महिना होता. धुक्यात बरेच दिवस गेल्यावर जरा कुठे ऊन पडलं होतं. माझे यजमान, चंद्रहास, खाटेवर रजई गुंडाळून उन्हात बसले होते. ऋषभने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "सर, पास हो गया."

मला आनंदच झाला. इतका, की मी जिलब्यांचा पुडा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि बशा आणायला मैत्रेयीला, आमच्या लेकीला, हाक मारली. "अगं, बाबांचा बोर्ड पास झाला!"

"सच में?" ती जिन्यातूनच ओरडली. आमची ही मुलगी लखनौत जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. मी बोलून बोलून दमले आणि आता सोडून दिलंय.

या पास होण्यासाठी आमच्या घराने काय सोसलं होतं ते सांगायला हवं. चंद्रहास शहराच्या टोकाला, चिनहटच्या एका लहानशा कंपनीत इंजिनिअर होते. ऋषभ त्यांच्या हाताखाली तयार झालेला. रेल्वेच्या तपासणी ट्रॉलीखाली बसवायचा एक कॅमेरा ते लोक बनवत होते. ट्रॉली धावत असताना त्याने रुळांचे फोटो काढायचे, म्हणजे कुठे तडा असेल तर दिसेल. कॅमेरा खाली, कॉम्प्युटर वर आणि मधे एक केबल. त्या केबलमधून फोटोंचा नुसता पूर वाहायचा, आणि तो पूर सांभाळणारा सर्किट बोर्ड चंद्रहासांचा.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून त्यांनी मला ते माझ्या भाषेत सांगितलं होतं. प्रत्येक सिग्नलला दोन तारा असतात. एकीवरचा विजेचा दाब वाढला की दुसरीवरचा तेवढाच उतरतो. पलीकडची चिप फक्त दोघींमधली वजाबाकी वाचते. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो.

"मग झालं की," मी म्हटलं होतं. "एवढ्यासाठी तुम्हाला पगार देतात?"

"वजाबाकीसाठी नाही देत. सरासरीसाठी देतात."

दोन्ही तारांची सरासरी एका जागी शांत राहायला हवी. ती फार हलली, तर वजाबाकी कितीही सुरेख असो, पलीकडची चिप बहिरी होते, आणि केबल स्वतःच एरियलसारखी आजूबाजूच्या यंत्रांना त्रास देऊ लागते. रुळांवर आजूबाजूची यंत्रं म्हणजे गाड्यांच्या सिग्नलची, तिथे गंमत चालत नाही. म्हणून या सरासरीने किती हलावं याची मर्यादा आधीच लिहून ठेवायची असते. इंजिनिअर लोक तिला कॉमन मोड म्हणतात. मी आपली सरासरीच म्हणते.

कंपनीचे मालक रमाकांतजी यांना ती मर्यादाच नको होती. गिऱ्हाइकाने मागितलेली नाही, फोटो स्वच्छ येतायत, मग हा जाच कशाला? चंद्रहास त्या एका अटीसाठी वर्षभर भांडले. संध्याकाळी घरी यायचे ते तोंड पाडूनच, ताटावरून अर्धपोटी उठायचे. शेवटी रमाकांतजींनी हात टेकले आणि अट राहिली. पण बोर्ड काही त्या अटीत बसेना. एकदा बदलला, पुन्हा बदलला. आणि दिवाळीत ह्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले.

यकृताचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुखणं आम्ही सांभाळू, पण यकृत थकलं की त्याचं विष डोक्यात चढतं. "बातें उलटी-पुलटी होने लगेंगी. कब से, ये नहीं कह सकते." मी घरी येऊन चंद्रहासांना जसंच्या तसं सांगितलं. आमच्यात लपवाछपवीची पद्धत नाही. ते म्हणाले, "मग डोकं ठिकाणावर आहे तोवर तो बोर्ड पास झालेला बघायचाय मला. बाकी काही नको." दर शनिवारी ते ऋषभला फोन करायचे आणि दर शनिवारी तो म्हणायचा, "चल रहा है, सर."

आणि आता हा पोरगा समोर उभा राहून पास झाला म्हणत होता.

चंद्रहासांनी फोल्डरमधला कागद काढून मांडीवर ठेवला. वरच्या बाजूला वजाबाकीची आकृती होती, खाली सरासरीची रेघ, अगदी सरळ. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "अच्छा. बढ़िया." एवढंच. एकही प्रश्न नाही. भाजीवाल्याला मटार कुठल्या गावचा म्हणून विचारणारा हा माणूस, दोन वर्षांच्या कामावर एक प्रश्न विचारत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी जिलब्या वाढत होते.

ऋषभ चहा पिऊन, धुक्याबद्दल चार वाक्यं बोलून गेला. मैत्रेयी बशा घेऊन खाली उतरली. मग ते म्हणाले, "मालिनी, ही रेघ माझी आहे."

"म्हणजे?"

"मोजलेली नाहीये ही. बोर्ड बनायच्या आधी, सरासरी कशी असायला हवी ते बघायला मी कॉम्प्युटरवर काढली होती. मोजलेल्या रेघेला बारीक लव असते, नव्या टॉवेलला असते तशी. ही बघ किती गुळगुळीत आहे. वरची आकृती खरी, मोजलेली. खालची माझी."

मला समजायला जरा वेळ लागला. बोर्ड पास झालेला नव्हता. वजाबाकीत पास होता, तो आधीपासून होताच. सरासरीत पडला होता, आणि ते झाकायला ऋषभने ह्यांचीच जुनी रेघ खाली आणून चिकटवली होती.

"मोजलेल्या आकड्यांना हात लावायला मन धजलं नसेल त्याचं," चंद्रहास म्हणाले. "मीच दम दिला होता, काही झालं तरी मोजलेलं बदलायचं नाही. म्हणून बिचाऱ्याने खोटं बोलायलासुद्धा एक प्रामाणिक रेघ शोधली." आणि ते हसले. त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो लवकर थांबेना.

मला मुळीच हसू आलं नाही. "फोन करते मी त्याला. आत्ताच्या आत्ता."

"नाही करायचा. दया आली त्याला माझी."

"चुलीत गेली त्याची दया!"

"मालिनी," ते म्हणाले, "बोर्ड पडल्याचं मला काही नाही. बोर्ड पडतातच. पण त्याने मला विचारलं नाही गं. सर, पडला, आता काय करू, असं म्हणत यायला हवं होतं त्याने. मी अजून आहे ना?"

त्यांचे पाय सुजून लाकडासारखे झाले होते, त्यांवर रजई सारखी केली आणि खाली स्वयंपाकघरात येऊन मटार सोलायला बसले. तिथे मला रडू फुटलं. माणूस जायचाय हे मी दोन महिने गिळत होतेच. पण तो जायच्या आधीच लोकांनी त्याला गेलेल्यांत धरलं, हे गिळता येईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून शाळेतले आलेखाचे कागद मागून घेतले आणि गच्चीवर बसून बोर्ड आठवून आठवून काढायला लागले. कुठे चुकलं असेल? पण नुसतं पडला एवढ्यावरून काही कळत नाही, असं ते म्हणत. सरासरी प्रत्येक सिग्नलला उडी मारते, की हळूहळू वर चढते, की मोटर सुरू झाली की हलते? प्रत्येकाचा उपाय वेगळा. तेवढं एक कळलं असतं तर त्यांना पुढचं सांगता आलं असतं. आणि तेवढंच विचारायची सोय ऋषभने ठेवली नव्हती. पास झालेल्या बोर्डाचं दुखणं कसं विचारणार?

तरी त्यांनी एकदा आडून प्रयत्न केला. फोनचा स्पीकर चालू करून मला शेजारी बसवलं.

"ऋषभ, टेस्ट में केबल कौन-सी लगाई थी?"

"वही सर, आपवाली."

"और ट्रॉली की मोटर? चालू थी?"

"जी सर, सब चालू था. एकदम क्लीन आया. आप बस आराम कीजिए, सर."

चंद्रहासांनी फोन ठेवला. "बघ, एक खोटं सांभाळायला आता दुसरं बोलला. मी आणखी विचारलं तर तिसरं बोलेल."

"मग सरळ सांगा ना, मला कळलंय म्हणून!"

"सांगितलं तर हा पोरगा मला पुन्हा तोंड दाखवणार नाही. मी गेल्यावर माझी आठवण आली की त्याला आधी हे आठवेल. नको."

"करा, सगळ्यांचा विचार करा. डोकं गेल्यावर आणखी निवांत करा!"

बोलले आणि जीभ चावली. त्यांना राग आला नाही. "खरं आहे तुझं," ते म्हणाले. "उद्या बोलतो मी त्याच्याशी." उद्या काही ते बोलले नाहीत, परवाही नाही. मैत्रेयी मला म्हणाली, "आई, देखो ना, बाबा कितने खुश हैं. फिर से काम कर रहे हैं." तिला काही सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. मी हो म्हटलं आणि कणीक मळत राहिले.

मग एका सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "मिरजेची गाडी आली का? दादाला आणायला कुणी गेलंय?" त्यांचा दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने ते आपोआप ताळ्यावर आले, आणि आपण काय बोललो ते त्यांना आठवत होतं, ते फार वाईट. मग मी शाल घेतली, मैत्रेयीला म्हटलं बाबांजवळून हलू नकोस, आणि बाहेर येऊन चिनहटला जाणारी ऑटो केली.

कंपनीत ऋषभ टेबलाशी बसला होता. समोर तोच बोर्ड उघडा पडलेला. मला बघून तो ताडकन उठला. "भाभीजी, सर...?"

"सर हैं. और सर को सब पता है."

रमाकांतजी आपल्या खोलीतून बाहेर आले. "भाभीजी, बैठिए तो. हम दोनों ने यही सोचा था कि जाते समय उनके मन को शांति मिले."

"शांति किसने माँगी थी?" मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला होता, तो मला आवरत नाही. "वो काम माँग रहे थे. आप लोगों ने उनको जीते-जी रिटायर कर दिया. वो लकीर उन्होंने देखते ही पहचान ली थी, उनकी अपनी है. तब से छत पर बैठकर सोच रहे हैं कि आपका बोर्ड क्यों फेल हुआ. किसी को पूछने की फुरसत है?"

बोर्डांवर सोल्डरिंग करणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. ऋषभ रडायला लागला, लहान मुलासारखा, बाहीने नाक पुसत. मला त्याची कीव आली नाही. पुढे पुष्कळ दिवसांनी आली. जूनमध्ये कंपनीच्या लोकांना बोर्ड पडल्याचं कारण सापडलं तेव्हा तोच सांगायला आला होता. केबल ज्या पेटीला जोडतात त्या पेटीला नव्या कारागिराने आतूनही रंग मारला होता. स्क्रूखाली रंग राहिला, म्हणून केबलचं वरचं जाळीचं वेष्टण पेटीच्या लोखंडाला टेकलंच नव्हतं. "सर तो सबसे पहले यही पूछते," तो म्हणाला होता, "रंग खुरचा कि नहीं." पाच महिने शोधत होते ते लोक.

पण त्या दिवशी कुणालाच काही माहीत नव्हतं. ऋषभने खऱ्या मोजमापाचा कागद काढला. खालची रेघ केसाळ होती आणि मधेच एका जागी भिंतीवर चढावी तशी वर गेली होती. "मोटर चालू होते ही चढ़ती है," तो म्हणाला. तो आपल्या स्कूटरवर पुढे गेला, मी ऑटोत. पॉलिटेक्निक चौकात नेहमीसारखी कोंडी होती. ऑटोवाला कुरकुरत होता आणि मी, खरं सांगते, कित्येक महिन्यांत नव्हते इतकी खुशीत होते. आता हे ऋषभला झापतील, पेन्सिल मागतील, मला म्हणतील चहा टाक आणि मधे बोलू नकोस. मी मनातल्या मनात आल्याचा चहा टाकलासुद्धा.

आम्ही पोचलो तेव्हा गच्चीवरचं ऊन उतरलं होतं. मैत्रेयीने त्यांना खाली खोलीत आणून निजवलं होतं. ते जागे होते. ऋषभला त्यांनी ओळखलं, "आओ" म्हणाले. ऋषभ पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि कागद दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला.

"सर, माफ़ कर दीजिए. फेल हुआ था. ये असली है. मोटर चालू होते ही कॉमन मोड ऊपर चढ़ जाता है. मुझे समझ नहीं आ रहा, सर. क्या करूँ?"

चंद्रहासांनी चष्मा मागितला. मी घातला. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवायला लागले. रेघ चढते तिथे बोट थांबणार, याची मला खात्री होती. बोट तिथे पोचलं, चढलं, उतरलं, पुढे गेलं, कागदाच्या कडेवरून रजईवर आलं आणि तिथेच फिरत राहिलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मालिनी, हा का रडतोय? बोर्ड पास झालाय ना? हाच तर सांगून गेला."

आणि चेहऱ्यावर काय समाधान होतं! दिवाळीपासून मी तो चेहरा असा पाहिला नव्हता. एका नजरेत त्यांनी जे खोटं पकडलं होतं, ते पकडल्याचं डोक्यातून निघून गेलं होतं आणि खोटं तेवढं राहिलं होतं.

ऋषभने तोंड उघडलं. "नहीं सर, वो तो..."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोरात दाबला. खोटं बोलल्याबद्दल मी इतकी वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं करत आले.

"हो," मी म्हटलं. "पास झाला."

"मग आता माझ्याकडे काही काम नाही ना?"

मैत्रेयी दारात उभी होती. ऋषभने कागद छातीशी धरला होता. मला वाटलं, म्हणावं, आहे, पुष्कळ काम आहे, उठा, हा पोरगा इतक्या लांबून तुम्हाला विचारायला आलाय. ते माझ्याकडेच बघत होते. थकले होते फार.

"नाही," मी म्हटलं.

"झोपू मग जरा?"

"झोपा," मी म्हटलं, आणि त्यांचा चष्मा काढून घेतला. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.